परदेशाची वाट ग्रंथालयातून



आपल्या परभणी जिल्ह्यातून परदेशी जाणारी माणसे मोजायला बसलो तर चार-पाच प्रकार सहज हाती लागतात. हजला जाणारे हाजी. आखाती देशांत कामाला जाणारे तरुण. उच्च शिक्षणासाठी जाणारी मुले-मुली, आणि त्यांत आता शेतकऱ्यांच्या घरची मुलेही आली. लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणाला अमेरिकेला जाणारे आईवडील. आणि अलीकडे सहल कंपनीबरोबर आठ दिवसांत दोन-तीन देश पाहून येणारे. यांतल्या प्रत्येकाला पासपोर्ट कसा काढायचा, व्हिसाला कोणते कागद लागतात, बॅगेत किती किलो चालतात, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण जिथे जायचे त्या मुलुखाचे आणि आपल्या मातीचे आधीपासून काय नाते आहे, आपल्या जाण्यायेण्याची किंमत कोण मोजतो, परत येताना काय आणावे आणि काय मुळीच आणू नये, हे कुणी सांगत नाही. ते सांगणारी एक जागा आपल्या शहरातच आहे. ती म्हणजे कृषी विद्यापीठाचे ग्रंथालय.

परभणीचे कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झाले. तेव्हा त्याचे नाव मराठवाडा कृषी विद्यापीठ होते, २०१३ साली त्याला वसंतराव नाईक यांचे नाव दिले गेले. आपण सारेच त्या आवाराच्या बाजूने जातो, तिथले बियाणे घेतो, खरीप मेळाव्याला जातो. पण ग्रंथालयाची पायरी चढताना पाय अडखळतो. ते शास्त्रज्ञांचे, आपले तिथे काय काम, असे वाटते. मी स्वतः कविता लिहिणारा, बी.ए.पर्यंत शिकलेला माणूस. शेतीशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. पण प्रश्न घेऊन गेलेल्या माणसाला ग्रंथालय पदवी विचारत नाही, असा माझा अनुभव आहे.

आधी एका शब्दाचे पाहू. ‘शाश्वत विकास’ हा शब्द हल्ली फलकांवर, भाषणांत आणि पाठ्यपुस्तकांत सारखा दिसतो. १९८७ साली नॉर्वेच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने संयुक्त राष्ट्रांना एक अहवाल दिला, तेव्हापासून तो जगभर रूढ झाला. आजची गरज भागवताना उद्याच्या पिढीच्या ताटातले काढून घेऊ नये, असा त्याचा सरळ आशय. पुढे २०१५ साली जगातल्या देशांनी २०३० पर्यंतची सतरा उद्दिष्टे ठरवली. मराठीत मात्र ‘शाश्वत’ म्हटले की आपल्याला कीर्तन आठवते, कारण आपल्याकडे हा शब्द परमार्थाचा आहे. शेतकऱ्याच्या घरात याच गोष्टीला दुसरे शब्द आहेत. ‘पुरवून खा’ असे आजी म्हणते. कितीही ओढाताण असली तरी बियाणासाठी राखलेली ज्वारी दळायची नाही, हा घराचा कायदा असतो. आमच्या घरी दखनी बोलली जाते, तिथे याला ‘बरकत’ म्हणतात. खळ्यावर रास मोजताना पहिल्या मापाला कुणी ‘लाभ’ म्हणते, कुणी ‘बरकत’. बरकत म्हणजे नुसती भरभराट नव्हे. थोडे असून पुरते आणि वापरूनही उरते, ती बरकत. हा अर्थ मनात ठेवून ग्रंथालयात गेलो तर ‘शाश्वत’ हा शब्द परका वाटत नाही.

आता ग्रंथालयात शोधायचे कसे? पुष्कळ ग्रंथालयांत पुस्तके ड्यूई यांच्या दशांश पद्धतीने लावलेली असतात. अमेरिकेतल्या मेलविल ड्यूई यांनी ही पद्धत १८७६ साली प्रसिद्ध केली. प्रत्येक विषयाला एक आकडा. शेतीचा ६३०, त्यात शेतातल्या पिकांचा ६३३. जमीन, पाणी, जंगल अशा नैसर्गिक संपत्तीचा ३३३.७. भूगोल आणि प्रवासाचा ९१०. पर्यटन व्यवसायाचा ३३८.४७९१. म्हणजे पर्यावरण एका कपाटात, शेती दुसऱ्या कपाटात आणि प्रवासवर्णने पार तिसऱ्या टोकाला. जो वाचक एकाच कपाटापाशी उभा राहतो त्याला या तिन्हींचा संबंध दिसत नाही. तो दिसायला या कपाटाकडून त्या कपाटाकडे चालावे लागते, आणि हातात एक प्रश्न असावा लागतो.

असा एक प्रश्न नमुन्यादाखल घेऊ. परभणीचा आणि मेक्सिकोचा काय संबंध?

प्रश्न विचित्र वाटेल. पण ६३३ च्या कपाटापाशी गेलात की पहिले उत्तर मिळते. मका मूळचा मेक्सिकोतला. मग फुलांच्या आणि भाज्यांच्या कपाटाकडे वळा. आपल्या ठेच्यातली मिरची तिकडचीच. दसऱ्याला दाराला ज्याचे तोरण बांधतो आणि ज्याच्याशिवाय आपला सण सुना वाटतो, तो मोठा झेंडूसुद्धा मेक्सिकोचा. समुद्रमार्गे ही रोपे आली आणि आपल्या घरची झाली. आज त्यांना परदेशी म्हणणाऱ्याला लोक हसतील.

मग गव्हाकडे या. मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांनी गव्हाचे बुटके वाण तयार केले होते. १९६६ साली आपल्या देशाने त्यांचे १८ हजार टन बियाणे आणले आणि हरितक्रांतीला जोर आला. देशाची धान्याची चणचण त्यामुळे हटली. पण खत, पाणी, औषध यांचा खर्च आणि जमिनीवरचा ताण हाही त्याच हिशेबातला भाग आहे. ६३० मधली पुस्तके पहिली बाजू सांगतात, ३३३.७ मधली दुसरी. दोन्ही वाचली तरच हिशेब पुरा होतो.

आता चरित्रांच्या कपाटाकडे चला. तिथे आपल्याच महाराष्ट्राचा एक माणूस भेटतो, डॉ. पांडुरंग खानखोजे. वर्ध्याचे. स्वातंत्र्याच्या ध्यासाने घर सोडले, जपानमार्गे अमेरिकेला गेले, तिथे शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत राहिले. इंग्रज सरकारमुळे मायदेशी परतणे अशक्य झाल्यावर १९२४ च्या सुमारास मेक्सिकोत पोहोचले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. मका आणि गव्हावर संशोधन केले, आणि गरीब शेतकऱ्यांसाठी खुल्या कृषी शाळा चालवल्या. दिएगो रिव्हेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना रंगवले. स्वातंत्र्यानंतर ते परत आले आणि १९६७ साली नागपुरात वारले. २०२२ साली चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला. परदेशगमन म्हटल्यावर पगाराचा आकडा विचारणाऱ्या आपल्या काळात हा माणूस मुलांना सांगितला पाहिजे. तो जिथे गेला तिथल्या मातीला काही देऊन आला.

चौथे उत्तर कडू आहे. गाजरगवत. आपल्या बांधावर, पडीकात, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या मैदानात माजलेले, अंगाला खाज आणि श्वासाला त्रास देणारे हे तण अमेरिका खंडातले. आपल्याकडे १९५५ च्या सुमारास ते पुण्यात पहिल्यांदा नजरेस आले. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर ते आले, असे मानले जाते. आणि त्यावरचा एक उतारा पुन्हा मेक्सिकोतूनच आला. गाजरगवताचीच पाने खाणारा एक छोटा भुंगा १९८३-८४ मध्ये बंगळूरला आणला गेला. तो दुसऱ्या पिकांना उपद्रव करील का, याच्या चाचण्या झाल्या आणि मगच तो सोडला. पावसाळ्यात तो पाने खातो आणि थंडीत जमिनीत दडून बसतो. परभणीच्या कृषी विद्यापीठानेही हे मेक्सिकन भुंगे शेतकऱ्यांना वाटले आहेत. तणाने विचारून प्रवास केला नाही, भुंग्याने मात्र सगळी तपासणी पार करून केला. शाश्वततेचा अर्धा धडा या दोन प्रवासांतल्या फरकात आहे.

हा धडा आजही जुना झालेला नाही. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी २०१६ साली आफ्रिकेत दिसली आणि २०१८ साली कर्नाटकातून आपल्याकडे पसरली. दोन वर्षांत तिने दुसरा खंड गाठला. म्हणून परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाला, मग तो हाजी असो, विद्यार्थी असो की पर्यटक, एक हात जोडून विनंती. येताना खजूर आणा, अत्तर आणा, नातवंडांना खेळणी आणा. पण आवडले म्हणून झाडाची फांदी, कंद, बियाणे किंवा माती रुमालात बांधून आणू नका. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार त्यासाठी परवाना आणि तपासणी लागते. संगरोध म्हणजे क्वारंटाइन. हा शब्द करोनाने आपल्याला शिकवला, पण पिकांसाठी तो फार आधीपासून आहे. एका रुमालातली कीड शंभर गावांचे पीक घालवू शकते.

मेक्सिको हे फक्त उदाहरण झाले. हाच प्रश्न आफ्रिकेबद्दल विचारा. आपली ज्वारी, जिची ‘परभणी मोती’ ही जात याच विद्यापीठाने दिली, ती मूळची ईशान्य आफ्रिकेतली. हजारो वर्षांपूर्वी आली आणि आपली भाकरी झाली. तूर मात्र उलटी गेली. ती मूळची आपल्या देशाची. इथून आफ्रिकेत गेली, तिथून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर वेस्ट इंडीज बेटांवर पोहोचली. आणि आज आपल्याला डाळ कमी पडते तेव्हा आपण मोझांबिक, मलावी, टांझानियाकडून तूर घेतो. आपण दिलेले बी परक्याच्या शेतातून आपल्या वरणात परत येते. भेंडीची ‘परभणी क्रांती’ ही जातही पाहा. १९८५ साली प्रसारित झालेली ही जात ‘पुसा सावनी’ आणि भेंडीची एक रानटी बहीण यांच्या संकरातून तयार झाली. पाने पिवळी पाडणारा केवडा रोग तिला होत नसे, म्हणून ती देशभर पेरली गेली. पुढे बऱ्याच ठिकाणी ती ताकद कमी झाली आणि पुन्हा नवा शोध सुरू झाला. म्हणून रानातले वाण जपायचे. उद्या रोग आला तर औषध त्यांच्यातूनच निघणार.

ते जपण्याचे मोठे ठिकाणही आपल्यापासून फार लांब नाही. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तीही १९७२ चीच, म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या वयाची. ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर, भुईमूग यांचे सव्वा लाखाहून अधिक नमुने तिथे थंड खोल्यांत ठेवलेले आहेत. उत्तर ध्रुवाजवळ नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटावर २००८ साली जे बियाणे-कोठार सुरू झाले, तिथेही इक्रिसॅटने आपल्या बियाण्यांचे दुसरे नमुने ठेवले आहेत. या कोठारांच्या नोंदवहीत प्रत्येक वाण कोणत्या देशातून, कोणत्या गावाजवळून, कधी गोळा केला हे लिहिलेले असते. त्या माहितीला शास्त्रज्ञ काय म्हणतात ठाऊक आहे? पासपोर्ट. बियाण्यालाही पासपोर्ट असतो. कवीला याहून सुंदर प्रतिमा सुचली नसती.

छापील पुस्तकांच्या पलीकडे ग्रंथालयाचा दुसरा खजिना आहे, तो प्रबंधांचा. एम.एस्सी. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांनी आपल्याच तालुक्यांतली माती, विहिरी, पिके आणि शेतकऱ्यांचे खर्च तपासून लिहिलेले हे ग्रंथ. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने देशभरच्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध ‘कृषिकोश’ या संगणकीय संग्रहात ठेवले आहेत. इतर विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध ‘शोधगंगा’वर मिळतात, तो संग्रह गांधीनगरची इन्फ्लिबनेट संस्था चालवते. काही प्रबंध पूर्ण वाचता येतात, काहींचा गोषवाराच मिळतो. नवख्याने प्रबंध पहिल्या पानापासून वाचू नये. आधी शेवटचे सारांश आणि निष्कर्षाचे प्रकरण वाचावे, मग तक्ते पाहावेत, आणि गरज वाटली तरच मागे यावे. परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांसाठी आणखी एक सोय झाली आहे. ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ ही केंद्राची योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार शोधनियतकालिके तिच्यामुळे केंद्र आणि राज्य शासनाच्या उच्चशिक्षण संस्थांतल्या विद्यार्थ्यांना, शिक्षकांना खुली झाली. परदेशातल्या ज्या प्राध्यापकाकडे शिकायचे त्याचे चार लेख जायच्या आधी इथेच वाचा. पुष्कळ परदेशी विद्यापीठे आपल्या विद्यार्थ्यांचे प्रबंध विनामूल्य खुले ठेवतात, तेही चाळा. मग एजंट काय सांगतो आणि खरे काय आहे, हे तुमचे तुम्हाला कळेल. कर्ज काढून मुलाला पाठवणाऱ्या बापाचे लाखो रुपये अशा दोन दिवसांच्या वाचनाने वाचू शकतात.

आता प्रवासाच्या किमतीबद्दल. २०१८ साली सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी १६० देशांचा हिशेब मांडला. विमान, गाड्या, हॉटेल, खाणे, खरेदी असे सगळे धरले तर जगात हवा तापवणारे जे वायू बाहेर पडतात त्यांतला सुमारे ८ टक्के वाटा पर्यटनाचा निघाला. २०२४ च्या दुसऱ्या अभ्यासात २०१९ साठी तो ८.८ टक्के आला. एका माणसाने मुंबई-लंडन विमानाने जाऊन येणे म्हणजे ढोबळमानाने दहा क्विंटल कार्बन डायऑक्साइड हवेत सोडणे. आपल्या देशात दर माणशी वर्षभराचा आकडा वीस क्विंटलच्या आसपास आहे. म्हणजे एका फेरीत सहा महिने खर्च झाले. पण याच कपाटात दुसरी बाजूही आहे. २०२० च्या एका अभ्यासानुसार २०१८ साली जगातल्या फक्त ११ टक्के लोकांनी विमानप्रवास केला, परदेशी उड्डाण करणारे फार तर ४ टक्के, आणि विमानांच्या निम्म्या प्रदूषणाला अवघे १ टक्का लोक कारणीभूत होते. आयुष्यभर पैसा साठवून एकदाच हजला जाणाऱ्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. हिशेब वारंवार उडणाऱ्यांनी द्यायचा आहे. पण ऊन आणि अवर्षण सोसतो तो मात्र आपला मराठवाडा. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही.

मग जाऊच नये का? तसे नाही. आपल्याकडे प्रवासाची एक जुनी रीत होती. मुंबईहून हजचे जहाज १९९५ पर्यंत जात असे. त्या प्रवासाला वेळ लागे, आणि वेळ लागे म्हणून तो आयुष्यात एकदाच होई. संत जनाबाईंच्या गंगाखेडवरून आजही शेगावची पालखी पंढरपूरला पायी जाते. कमी वेळा जावे, गेल्यावर जास्त दिवस राहावे, शिकावे आणि शिकलेले परत आणून वाटावे, एवढे त्या रीतीतून घेता येईल. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी अमेरिकेचे प्रवासवृत्त मराठीत लिहिले ते याच भावनेने. तिथला समाज, शाळा, स्त्रियांची स्थिती त्यांनी घरी बसलेल्या वाचकापर्यंत पोहोचवली. एक बाई गेली आणि हजारोंचा प्रवास झाला.

माझी खरी तळमळ इथेच आहे. आपल्या मातीबद्दलचे बहुतेक ज्ञान इंग्रजीत लिहिले जाते आणि ज्याच्या शेतातून नमुना नेला तो ते वाचू शकत नाही. विद्यापीठाचे ‘शेतीभाती’ मासिक आणि कृषी दैनंदिनी मराठीत निघतात, ते मोलाचे काम आहे. पण ते पुरेसे नाही. प्रत्येक प्रबंधाला चार पानांचा साध्या मराठीतला सारांश जोडला, तर तो गावच्या वाचनालयात वाचला जाईल. परदेशातून शिकून आलेल्या प्रत्येक मुलाने आपल्या गावासाठी एक मराठी लेख लिहिला, तर त्याच्या विमानाचे थोडे तरी ऋण फिटेल.

तेव्हा मित्रहो, एखाद्या दिवशी ओळखपत्र बरोबर घेऊन ग्रंथालयात जा. ग्रंथपालांना भेटा, बाहेरच्या वाचकासाठी काय नियम आहेत ते विचारा. पुस्तक घरी मिळेलच असे नाही, पण बसून वाचायची परवानगी मागायला संकोच कसला? हातात वही ठेवा आणि एकच प्रश्न घेऊन जा. माझ्या शेतातले हे पीक कुठून आले? माझा मुलगा जातो आहे त्या देशात पाणी कसे वापरतात? दोन तासांत एक पान भरले तरी पुष्कळ झाले. आणि जमले तर शेजारच्या एखाद्या मुलीला बरोबर न्या. तिचा पासपोर्ट निघेल तेव्हा निघेल, तोवर तिचा प्रवास सुरू झालेला असेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)